‘जाने भी दो यारों’ तेव्हा का चालला नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा नेमका कोणता? मी ऐकलाय, पण पाहिलेला नाही.

कुंदन शाह यांचा पहिला सिनेमा, 1983 सालचा. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे एनएफडीसीचा, तोही जेमतेम सात लाखांच्या आसपास. विनोद आणि सुधीर हे दोन भाबडे फोटोग्राफर मुंबईत स्टुडिओ उघडतात आणि गिऱ्हाईक काही येत नाही. मग एका साप्ताहिकाची संपादिका त्यांना काम देते: तरनेजा नावाचा बिल्डर आणि महापालिकेचा आयुक्त डिमेलो यांचे चोरून फोटो काढा. त्या भानगडीत एका फोटोत खून सापडतो, मग मुडदा सापडतो, मग मुडदा हरवतो. पूल कोसळतो. आणि शेवटी बिल्डर, अधिकारी, संपादिका सगळे एक होतात आणि तुरुंगात जातात ते हे दोघे.

शेवट आधीच सांगितला याबद्दल माफ करा. पण हा सिनेमा का चालला नाही याचं माझं उत्तर त्या शेवटाभोवतीच फिरतं, त्यामुळे तो झाकून पुढे जाता येणार नाही.

तो खरंच पडला होता का? सगळे तर त्याला अजरामर म्हणतात.

दोन्ही खरं आहे. ऑगस्ट 1983 मध्ये तो लागला तेव्हा तिकीटबारीवर त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. कौतुक झालं, राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातल्या दिग्दर्शकासाठीचा पुरस्कार कुंदन शाह यांना मिळाला, सुधीर झालेल्या रवी बासवानीला फिल्मफेअरने विनोदी भूमिकेसाठी गौरवलं. पण थेटराबाहेर रांगा लागल्या नाहीत. आज जे प्रेम दिसतं ते नंतरचं, दूरदर्शनवरून आणि व्हिडिओ कॅसेटवरून घरोघरी पोचल्यानंतरचं.

लोकांना विनोद कळला नाही म्हणून तो चालला नाही, हे बरोबर आहे का?

मला हे उत्तर अजिबात मान्य नाही. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं उत्तर मात्र हेच. यात प्रेक्षकाला अडाणी ठरवून मोकळं होण्याची सोय आहे.

सिनेमातलं सगळ्यांत गाजलेलं दृश्य घ्या. नाटकाच्या थेटरात महाभारताचा प्रयोग चालू आहे, द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रवेश. आणि द्रौपदीच्या साडीत आहे आयुक्त डिमेलोचा मुडदा. त्याला पळवायला बिल्डर, संपादिका आणि आपले दोघे सोंगं घेऊन रंगमंचावर घुसतात. सिंहासनावरचा आंधळा धृतराष्ट्र हे काय चाललंय म्हणून विचारत राहतो. भीम झालेला ओम पुरी, म्हणजे दुसरा बिल्डर आहुजा, द्रौपदीत आपणही भागीदार असल्याचं ठणकावून सांगतो. वस्त्रहरण रद्द करायची पाळी येते, आणि काही वेळाने त्याच रंगमंचावर मोगल बादशहाही येऊन धडकतो.

यात न कळण्यासारखं काय आहे? रंगलेल्या नाटकाचा विचका होणं हा तर आपल्याकडचा जुना, हक्काचा विनोद. मिशी गळून पडली, पडदा अडकला, राजाला भाषण आठवेना, यावर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हसत आलाय. गंगाराम गवाणकरांचं मालवणी ‘वस्त्रहरण’ 1980 साली रंगभूमीवर आलं. त्यात गावची मंडळी हाच महाभारतातला प्रवेश बसवतात आणि त्याची वाट लागते. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा त्याच मुंबईत, जवळजवळ त्याच विनोदावर, नाट्यगृहं भरत होती.

म्हणून ‘लोकांना झेपला नाही’ हे वाक्य मला खटकतं. विनोद झेपला असता. प्रेक्षक त्या विनोदापर्यंत पोचलाच नाही, आणि जो पोचला त्याला शेवटी जे हातात मिळालं ते घेऊन घरी जाणं जड गेलं.

मग अडलं कुठे?

आमच्या घरचा प्रसंग सांगते. हा सिनेमा आम्ही पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर. महाभारताच्या प्रवेशाला आईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. वडील सहसा मोठ्याने हसत नसत, तेही मांडीवर थाप मारत होते. मग पडद्यावर ते दोघे कैद्यांच्या कपड्यांत गर्दीतून चालत आले, ‘हम होंगे कामयाब’ चालू झालं, त्यांनी कॅमेऱ्याकडे वळून गळ्यावरून हात फिरवला आणि सिनेमा संपला. आई तशीच बसून राहिली. म्हणाली, ‘हे काय, संपला? आता पोलीस येतील ना खरे?’ तिला वाटत होतं की अजून एक प्रसंग बाकी आहे. कोणीतरी प्रामाणिक अधिकारी येईल, फोटो बाहेर येतील, पोरं सुटतील.

तो प्रसंग नव्हताच. आणि तिने घरात बसून, फुकटात पाहिला होता म्हणून ती फक्त गप्प झाली. बसचं भाडं आणि चार तिकिटांचे पैसे खर्चून कुटुंबाला हसवायला आणलेल्या माणसाचं काय झालं असेल, याचा मी खूप वेळा विचार केलाय. तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात ‘बघा हं नक्की, धमाल आहे’ असं सांगू शकला असता का? धमाल तर होती. पण तोंडात राहिलेली चव कडू होती. आणि त्या काळी छोटा सिनेमा चालायचा तो अशाच एकाने दुसऱ्याला सांगण्यावर.

आपल्या तमाशात सोंगाड्या राजाची तोंडावर टर उडवतो, प्रधानाला गंडवतो, कोतवालाला उल्लू बनवतो, आणि सुखरूप घरी जातो. लोक हसतात ते या भरवशावर. इथे दिग्दर्शकाने सोंगाड्यालाच कैदेत टाकलं आणि राजा, प्रधान, कोतवाल यांनी आपसात वाटणी करून घेतली. हसण्यामागचा तो न बोललेला करार मोडला गेला. माझ्या मते सिनेमाचं मोठेपण याच जागी आहे आणि त्याचं अपयशही याच जागी आहे.

पण 1983 मध्ये कडू शेवटाचे सिनेमे चालत नव्हते का?

चालत होते, आणि तुलनेला अगदी जवळचं उदाहरण आहे. त्याच वर्षीचा ‘अर्धसत्य’. तीच मुंबई, तीच सडलेली व्यवस्था. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, ओम पुरी इन्स्पेक्टर वेलणकर, आणि गुंड रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. शेवट सुखाचा म्हणता येणार नाही, तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला.

फरक असा की, ‘अर्धसत्य’च्या शेवटी वेलणकरचे हात रामा शेट्टीच्या गळ्याभोवती आवळले जातात. तो पुढे स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो, त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, पण प्रेक्षकाच्या पोटात साचलेल्या संतापाला वाट मिळते. ‘जाने भी दो यारों’मध्ये हात फिरतो तो नायकांच्या स्वतःच्याच गळ्यावरून. राग काढायला जागाच नाही. दोन तासांहून जास्त हसून सैल झालेल्या माणसाच्या हातात तो राग तसाच सोपवला जातो.

आणि ‘चष्मेबद्दूर’ कसा चालला? तोही ऑफबीट विनोदीच होता, मोठे हिरो नव्हते.

बरोबर. सई परांजपे यांचा ‘चष्मेबद्दूर’ 1981 चा, त्यातही रवी बासवानी होता, आणि तो छान चालला. म्हणून ‘ऑफबीट विनोद आपल्याकडे चालतच नाही’ हेही खोटं. त्या सिनेमात मैत्रीत फूट पडते, खोटेपणा होतो, पण शेवटी सगळे पुन्हा एकमेकांचे होतात आणि माणूस हलका होऊन बाहेर पडतो.

लोकांना कडू चालत होतं, गोडही चालत होतं. कुंदन शाहांनी गोडाच्या ताटात कडू वाढलं. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्याची सवय नव्हती. याला मी प्रेक्षकाचा दोष मानत नाही आणि दिग्दर्शकाचाही नाही.

विषय लोकांना परका होता का? बिल्डर, महापालिका, पूल वगैरे?

उलट, फारच ओळखीचा होता. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होतं, घर बांधायचं तर परवाना लागायचा. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना बिल्डरांना सिमेंटचे कोटे आणि त्या बदल्यात ट्रस्टला देणग्या हे प्रकरण 1981 मध्ये बाहेर आलं. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. सिनेमा त्यानंतर दीड वर्षाने आला. पुलाच्या सिमेंटमध्ये काय मिसळलं जातं याचा विनोद मुंबईकराला समजावून सांगायची गरज नव्हती.

मला तर वाटतं, तो जरा जास्तच जवळचा होता. वर्तमानपत्रात सकाळी वाचलेलं संध्याकाळी पैसे देऊन पुन्हा पाहायला माणूस तेव्हाच जातो, जेव्हा पडद्यावर तरी त्याचा निकाल लागतो. त्याच वर्षीच्या ‘कुली’त तो लागत होता.

जाहिरात आणि वितरण किती जबाबदार?

खूप. एनएफडीसीने सिनेमे बनवायला पैसे दिले, ही त्यांची मोठी कामगिरी. पण सिनेमा बनवणं वेगळं आणि तो थेटरात लावून टिकवणं वेगळं. व्यापारी सिनेमामागे वितरक असायचे, त्यांची थेटरमालकांशी वर्षानुवर्षांची देवघेव असायची, पोस्टर गल्लोगल्ली लागायची, गाणी आधी रेडिओवर वाजायची. गाणी हीच तेव्हाची खरी जाहिरात. या सिनेमात विकण्यासारखं गाणंच नव्हतं. ‘हम होंगे कामयाब’ तर शाळेत म्हणायचं समूहगीत.

समांतर सिनेमाला बहुतेक वेळा मिळायचे ते सकाळचे नाहीतर मॅटिनीचे खेळ, तेही मोजक्या थेटरांत. अशा सिनेमाला लोकांच्या कानावर जायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढा धीर पडद्याच्या धंद्यात कोणाला नव्हता.

नटांमुळे गैरसमज झाला का?

थोडाफार. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पंकज कपूर ही नावं आणि वर एनएफडीसीचा शिक्का, म्हणजे लोकांच्या मनात चित्र तयार: उपाशी शेतकरी, लांबलचक शांतता, डोकेदुखी. ‘आर्ट फिल्म’ म्हटलं की अनेक घरांत विषय तिथेच संपायचा. नसीर हसवू शकतो हे ‘कथा’ पाहिलेल्यांना ठाऊक होतं, पण ते थोडे.

दुसरी अडचण आतली. हिंदी सिनेमात विनोदासाठी वेगळा नट नेमलेला असायचा. तो आला की हसायचं, तो गेला की कथा पुढे. इथे सगळेच गंभीर चेहऱ्याने वेडेपणा करतात. दारूच्या नशेत ओम पुरी शवपेटीतल्या मुडद्याला बिघडलेल्या गाडीचा चालक समजून मदत करू पाहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर निखळ माणुसकी आहे. एका खोलीत दोन माणसं फोनवर बोलतायत, एकमेकांशीच, तारा गुंतल्यात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. कुठे हसायचं हे कोणी सांगत नाही. पहिल्यांदा पाहताना मन थोडं चाचपडतं, दुसऱ्यांदा पाहताना जास्त हसू येतं. थेटरात मात्र बहुतेक लोक एकदाच जातात.

अँटोनिओनी पार्क ही काय भानगड आहे?

मायकेलँजेलो अँटोनिओनी हा इटालियन दिग्दर्शक. त्याच्या 1966 च्या ‘ब्लो-अप’मध्ये एक फोटोग्राफर बागेत फोटो काढतो आणि तो मोठा करत गेल्यावर त्यात खून दिसतो. इथेही तसंच होतं, म्हणून बागेला त्याचं नाव. कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, तिथल्या मित्रमंडळींना केलेला हा नमस्कार. मुख्य पात्रांची नावंही विधू विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा या त्यांच्या सहकाऱ्यांवरून घेतलेली.

यामुळे सिनेमा परका झाला असं मात्र मी म्हणणार नाही. संदर्भ कळला तर आनंद, नाही कळला तर बागेचं नाव जरा विचित्र, एवढंच. फोटोतला खून सगळ्यांना दिसतोच.

भक्ती बर्वे यांची भूमिका मराठी प्रेक्षकांना कशी वाटली असेल?

हा प्रश्न मला मराठी वाचकच विचारतात आणि मला तो फार आवडतो. भक्तीताई म्हणजे आपल्यासाठी पु. लं.ची फुलराणी. तिचं भांडण, तिचं रडणं, तिचा तो ताठा, सगळं आपल्या बाजूचं. ‘खबरदार’ या साप्ताहिकाची संपादिका शोभा म्हणून त्या पडद्यावर येतात तेव्हा आपण डोळे झाकून त्यांच्यावर विश्वास ठेवतो. त्या सत्य बाहेर काढणार, या दोन पोरांना न्याय मिळवून देणार, असंच वाटत राहतं.

आणि मग कळतं की त्या फोटो छापणार नाहीत, त्यांवर सौदा करणार आहेत.

बिल्डर वाईट निघाला तर कोणाला धक्का बसत नाही. पत्रकार विकला गेला तर बसतो. ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, पण तो निदान विकला गेलेला नाही, निळू फुल्यांचा तो चेहरा आपल्याच बाजूचा राहतो. इथे तोही आधार जातो. भक्तीताईंनी ही बाई अशा गोड आवाजात आणि इतक्या सहजतेने उभी केली की तिचा राग यायलाही वेळ लागतो. 2001 मध्ये वाईहून प्रयोग करून परतताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला. हिंदीत त्यांना अशा आणखी भूमिका मिळायला हव्या होत्या.

मग टीव्हीवर तोच सिनेमा एवढा कसा आवडला?

1982 च्या एशियाडपासून रंगीत प्रक्षेपण आलं, पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. टीव्हीला तिकीट नाही. ‘आर्ट फिल्म’ म्हणून कोणी उठून गेलं तरी सेट चालूच राहतो, आणि आतून हसण्याचा आवाज आला की गेलेला माणूस परत येतो. शिवाय पुन्हा पुन्हा पाहायला मिळतो. चौथ्यांदा पाहताना शेवटाचा धक्का बसत नाही, आधीपासून माहीत असतो, आणि मग त्या धक्क्याकडे जाणारी वाट किती काळजीने बांधलीय ते दिसू लागतं.

आणखी एक पुरावा आहे. 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ आली. लेखन हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांचं, दिग्दर्शकांत कुंदन शाह, आणि दर भागात नव्या सोंगात सतीश शाह, म्हणजे आपला डिमेलो. शुक्रवारी रात्री लोक कामं आटपून टीव्हीपुढे बसायचे. वर्षभरापूर्वी ज्या माणसांसाठी थेटरं भरली नव्हती, त्याच माणसांसाठी. पुढे ‘नुक्कड’ आणि आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावरची ‘वागले की दुनिया’ आली. त्या वागळ्यांना आपण घरचेच मानलं. कुंदन शाहांचा प्रेक्षक होताच. तो बैठकीच्या खोलीत बसलेला होता.

शेवट बदलला असता तर तेव्हाही चालला असता का?

कदाचित थोडा जास्त चालला असता. पण मग आज हे प्रश्न विचारायला कोणी आलं नसतं. सिनेमाभर ते दोघे ‘हम होंगे कामयाब’ मनापासून मानतात. शेवटी तेच गाणं तुरुंगाच्या कपड्यांवर वाजतं. हा एक बदल काढला तर बाकी राहते ती मुडद्याची पळवापळवी.

अनुपम खेर या सिनेमात होते म्हणतात, दिसत का नाहीत?

होते. भाडोत्री मारेकऱ्याची, डिस्को किलरची भूमिका होती. संकलनात ती पूर्ण कापली गेली. संकलन रेणू सलुजा यांचं.

आज पहिल्यांदा पाहायचा असेल तर कसा पाहावा?

एनएफडीसीने त्याची प्रत दुरुस्त करून 2012 मध्ये तो पुन्हा थेटरांत आणला होता, त्यामुळे आता चांगली प्रत मिळते. युट्यूबवरचे महाभारताचे तुकडे आधी पाहू नका. ते दृश्य सुटं पाहिलं तर नुसता गोंधळ दिसतो. त्या साडीत कोण आहे, त्याला कोणी मारलं, आणि मेल्यावर त्याच्याच नावाने पूल कसा उभा राहिला, हे माहीत असेल तर हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

एकट्याने पाहू नका. घरातलं वयस्कर माणूस शेजारी घ्या, ज्याला सिमेंटचे परवाने आठवतात. आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका. आमच्या आईसारखं कोणीतरी अजून पोलिसांची वाट बघत असतं.